सही कोण करणार?

पाच जूनला मला शाल मिळाली. नारळ मिळाला, आणि काळ्या प्लास्टिक पिशवीतलं एक रोप मिळालं. कामोठ्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पर्यावरण दिनाचा कार्यक्रम होता. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. एकीचं नाव लिहायचं आणि तशाच बाकीच्या मोकळ्या सोडायच्या, हे बरोबर नाही. माइकवरून माझी ओळख करून दिली, ‘आपल्या मातीतले भूमिपुत्र.’ टाळ्या पडल्या. मी खाली येऊन बसलो आणि हातातली पुस्तिका उलटीपालटी करून बघायला लागलो.

मागच्या पानावर कार्यकारिणी छापली होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तीन सदस्य. सात नावं. एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, एक सीए, बाकी चांगल्या नोकरीतले. माणसं भली आहेत, चार वर्षं बघतोय त्यांना. रविवारी सकाळी झोप सोडून खाडीकाठचं प्लास्टिक वेचतात. पण मी ती सात नावं दोनदा वाचली. कामोठे गावातलं एक नाव नाही. जुईतलं नाही. खाडीत पाग टाकून पोट भरलेल्या एकाही कोळ्याचं नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पनवेलला चालत गेलेल्या बाईचं तर नाहीच नाही.

चहाच्या वेळी सचिवांना विचारलं, “साहेब, कमिटीत गावातलं कुणी नाही का?”

ते हसून म्हणाले, “काका, तुम्ही आमचे मार्गदर्शक आहात ना!”

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. ज्याला फोटोत घ्यायचं आणि मीटिंगला बोलवायचं नाही, त्याला मार्गदर्शक म्हणतात. मार्गदर्शकाची सही कुठंच लागत नाही. बँकेत नाही, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नाही, कोर्टाच्या कागदावर तर नाहीच.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात घोळतंय. आपल्या भागात पर्यावरणाच्या संस्था पुष्कळ झाल्या. खाडी वाचवा, डोंगर वाचवा, पाणथळ वाचवा. वाचवायला पाहिजेच. पण त्या चालवतं कोण आणि चालवायला कोण पाहिजे, हे कुणी उघड बोलत नाही. मी बोलणार आहे. आधी त्यांच्याशी भांडतो, मग आपल्याच लोकांशी. दुसरं भांडण जास्त कडू आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट रोपांची. तीन वर्षांमागं याच मंडळींनी खाडीकाठच्या एका तुकड्यात कांदळवनाची रोपं लावली. कंपनीचे टी-शर्ट घातलेली शे-दीडशे माणसं आली होती. मीही गेलो होतो बघायला. जागा बघितली आणि लगेच कळलं, इथं काही जगायचं नाही. त्या तुकड्याच्या तोंडाशी रस्त्याचा भराव पडलेला आणि खालचा पाइप मातीनं बुजलेला. भरतीचं पाणी आत यायला वाट नव्हती. मी एकाला सांगितलं, “दादा, आधी तोंड मोकळं करा, रोपं नंतर लावा.” तो म्हणाला, “काका, ते काम सरकारचं आहे. आपण आपलं काम करू.” पावसाळ्यात रोपं हिरवी दिसली. पाऊस सरला, चिखल तडकला आणि मार्चपर्यंत काड्या उभ्या राहिल्या. संस्थेच्या अहवालात मात्र लावलेल्या रोपांचा आकडा तसाच आहे. जगलेल्यांचा रकानाच नाही.

आता यात शास्त्र काय आहे ते सांगतो. आमच्याकडं ते शास्त्र नव्हतं, रोजचं काम होतं. तिवराची फळं पावसाळ्यात पडतात, भरतीबरोबर वाहत जातात आणि जिथं चिखलात थारा मिळेल तिथं रुजतात. तिवर लावावा लागत नाही. त्याच्याकडं पाणी येऊ द्यावं लागतं, दिवसातून दोनदा, आणि ते परत जाऊ द्यावं लागतं. पाणी अडलं की तिवर वरून वाळत येतो. त्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. उरणकडं पाणजे, डोंगरीच्या पट्ट्यात पाणथळीवरून एवढी वर्षं भांडण चाललं, ते मुळात याच गोष्टीचं. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या की सगळं आपोआप मरतं, आणि मग म्हणता येतं की इथं काहीच नव्हतं.

आमचं सगळं शेत या पाण्याच्या ये-जा करण्यावर उभं होतं. खाडीच्या अंगाला मातीचा बांध, बांधाला उघाडी. उघाडीची लाकडी झडप भरती आली की पाण्याच्या जोरानं आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची आणि आतलं पावसाचं गोडं पाणी खाडीत जायचं. आत खारीत आम्ही भात लावायचो. खारं सोसणारा राता. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं पुढं पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती काढल्या, पण त्याच्या आधीपासून काळा राता, भुरा राता आमच्या कणगीत होता. उधाणाला बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस निघायचा, रात्र असो की पाऊस. ज्याचं शेत फुटलं तोच जाईल असं नव्हतं, कारण एका ठिकाणाहून शिरलेलं पाणी सगळ्यांचं पीक खातं. त्या माणसांना कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही. पण बाहेरच्या बाजूचा तिवर कुणी तोडला तर गावात त्याला शिव्या बसायच्या, कारण लाटेचा मार तिवर खातो, मग बांध टिकतो.

त्या कामाला कार्यकारिणी नव्हती का? होती की. बांधावर पहिला कोण जाणार, माती कुठून उचलायची, कोण आला नाही, आणि जो आला नाही त्याचं काय करायचं, हे सगळं ठरलेलं होतं. ज्याला पाण्याची वाट माहीत त्याचं सगळे ऐकायचे. त्याला वाचता येत होतं की नाही हे कुणी विचारलं नाही.

हे म्हाताऱ्याचं रडगाणं म्हणून सांगत नाही. माझा मुद्दा एवढाच की खाडीची संस्था चालवायची तर उघाडी म्हणजे काय, उधाण कधी आणि भांग कधी, गाढी फुगली आणि वर भरती आली तर पाणी कुठं मागं फिरतं, हे कळणारा माणूस खुर्चीवर पाहिजे. २६ जुलै २००५ ला हे सगळ्यांनी भोगलं. आमची जुनी माणसं जिथं घर बांधत नव्हती तिथंच पाणी आलं. पाण्याला सेक्टर नंबर माहीत नसतो.

दुसरी गोष्ट पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. चांगलं झालं. पण आपल्या डोक्यावर तळोजा एमआयडीसी आहे. तिथून कासाडी नदी खाली येते आणि खाडीला मिळते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली, जगभर त्यांचे फोटो गेले. कारखान्याचा रंग पाण्यात, पाण्यातला कुत्र्याच्या अंगावर. कुत्रं दिसलं म्हणून बोंब झाली. त्याच पाण्यातली निवटी आणि चिंबोरी काय खात होती, ते आमच्या कोळणी कितीतरी आधीपासून सांगत होत्या. त्यांचं कोण ऐकतो? आता मला सांगा, जी संस्था रोपासाठी, बॅनरसाठी, नाष्ट्यासाठी कंपनीकडं हात पसरते, ती कंपनीच्या पाइपाकडं बोट कसं दाखवणार? दाखवणाऱ्याही असतील, त्यांना माझा नमस्कार. पण मी ज्या सभांना बसलो तिथं प्लास्टिकच्या पिशवीवर दोन तास बोलणं झालं आणि कासाडीवर दोन मिनिटं. पिशवी गरीब बाई वापरते, म्हणून तिच्यावर बोलायला सोपं जातं.

झालं, त्यांच्याशी माझं भांडण संपलं. आता आपल्याकडं येतो.

वरचं वाचून गावातली पोरं टाळ्या वाजवतील, मला माहीत आहे. ‘बराबर लिवलंस काका, ही बाह्यरची मान्सं आपल्याला अक्कल शिकवतान.’ थांबा जरा.

खाडीत भराव कुणाच्या डंपरनं पडला? रात्री दोन वाजता राडारोडा घेऊन येणाऱ्या गाडीच्या काचेवर कुणाच्या कुलदेवतेचं नाव होतं? जागेचा चौकीदार कोण होता? साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघर फाट्याला आपल्या पाच माणसांनी गोळ्या खाल्ल्या. दि. बा. पाटलांनी उभं आयुष्य घातलं. ते भूखंड बिल्डरला देऊन आपण इमारतीत राहायला गेलो. मीही गेलो. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. सिडकोनं ९५ गावांची जमीन घेतल्यावर दुसरं करणार काय? पण खाडीचा काठ काही सिडकोनं आपल्याकडून रात्री दोनला भरून घेतला नाही. तो आपल्यातल्या काहींनी भरला, खेपेला पैसे मोजून घेऊन.

आणि आता मी जे सांगणार आहे ते आजवर घरातही सांगितलेलं नाही.

चार वर्षांमागं आमच्याच भावकीतल्या एकाच्या वहिवाटीच्या जागेला लागून तिवरात भराव सुरू झाला. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. सांगलीकडची, नवरा-बायको दोघं नोकरीला. तिनं गॅलरीतून फोटो काढले, वेळ लिहून ठेवली, गाड्यांचे नंबर लिहून ठेवले आणि तहसीलदार, कांदळवन कक्ष, पोलीस, सगळीकडं अर्ज दिला. खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर. निनावी काही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं माझ्याकडं आली. “काका, आपले जागेन ती बाई कोन बोलनारी? तू चल, तुझा आयकंल ती.” मी म्हणालो, मी काय बोलणार. ते म्हणाले, “तू काय बोलू नको, नुसता उभा रव.”

मी गेलो आणि उभा राहिलो. सात-आठ जण तिच्या दारात, मी सगळ्यांच्या मागं, पांढरी टोपी घालून. पोरांनी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही भाड्यानी रहता, पोर शालेला जातंय तुमचा, कशाला ह्या भानगडी?” ती एक शब्द बोलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. पंधरा दिवसांआधी गणपतीच्या मंडपात हीच बाई मला विचारत होती, काका, पूर्वी इथं कोणते मासे मिळायचे? मी तिला जिताडा, बोई, कोलंबी अशी यादी सांगितली होती आणि तिनं ती वहीत लिहून घेतली होती. तिच्या नजरेत राग नव्हता. मी तिथं काय करतोय, एवढंच ती बघत होती.

अर्ज तिनं मागं घेतला नाही. एक पंचनामा झाला, महिनाभर डंपर थांबले. पुढं काय झालं ते सगळ्यांना रस्त्यावरून दिसतंय.

मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

म्हणून माझा आपल्या लोकांना प्रश्न आहे. बाहेरचं कोण? जी चार वर्षांपूर्वी आली आणि खाडीसाठी स्वतःच्या नावानं सही केली ती, की मी, ज्याच्या बापानं त्या बांधावर आयुष्य काढलं आणि जो तिला गप्प करायला गेला? मला भूमिपुत्र म्हणून शाल घालणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. ती त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसली होती आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.

आता कायद्याकडं बघू. मुंबई उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ ला राज्यभर कांदळवन तोडायला आणि त्यात भराव टाकायला बंदी घातली, भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला. १७ सप्टेंबर २०१८ ला शेवटचा निकाल आला. कांदळवन नष्ट करणं म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं कोर्टानं म्हटलं. कोकण विभागीय आयुक्तांच्या हाताखाली त्यासाठी समिती नेमायला लावली. हा खटला कुणी घातला होता? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप, म्हणजे मुंबईतले देबी गोयंका आणि त्यांची मंडळी. तेरा-चौदा वर्षं ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. खाडी आमची होती. आम्ही त्या वर्षांत काय करत होतो? कोणत्या गल्लीला कुणाचं नाव द्यायचं यावर भांडत होतो.

पण आपल्यातल्या माणसाला हे जमत नाही असं समजू नका. गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा आणि उरण कोळीवाडा इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित लवादाकडं दाद मागितली. बंदराच्या भरावानं आमची मासेमारीची जागा गेली, खाडीचा मार्ग अडला, असं त्यांचं म्हणणं. अर्जावर पहिलं नाव रामदास जनार्दन कोळी. २७ फेब्रुवारी २०१५ ला पुण्याच्या खंडपीठानं निकाल दिला. १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या, असं जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना सांगितलं. पुढं ते प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, तो भाग वेगळा. पण देशातली एवढी बलाढ्य नावं एका बाजूला आणि कोळीवाडे दुसऱ्या बाजूला असा सामना झाला आणि कोळीवाड्यांचं म्हणणं खरं ठरलं. कासाडीचंही तसंच. तळोज्याच्या सांडपाण्यावर हरित लवादात जाणारे अरविंद म्हात्रे आपल्याच पनवेलचे तेव्हाचे नगरसेवक. मी मघाशी म्हणालो की कासाडीवर दोन मिनिटं बोलतात. हा माणूस लवादात जाऊन बोलला.

अजून मागं जायचं तर आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी आहे. खोतांच्या विरोधात २५ गावांच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली. जंगलातली लाकडं विकून पोटं भरली, पण नांगर धरला नाही. पुढारी नारायण नागू पाटील, आपल्यातलेच. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. खारीतल्या कुळाला तेव्हा सही करता येत नव्हती, अंगठा उठवत होता. पण तो अंगठा त्यानं लपवला नाही.

मग कुणी म्हणेल, ठरलं तर, संस्था गावच्याच माणसानं चालवावी, बाहेरच्यानं नको. तसंही नाही. पेण तालुक्यातली गोष्ट घ्या. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. त्या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील होते, ते सांगली जिल्ह्यातले. उल्का महाजन होत्या, त्याही काही तिथल्या खारीत जन्मलेल्या नव्हत्या. पण मत त्यांनी दिलं नाही. मत दिलं सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यानं. पुढारी कुठला हे तिथं कुणी विचारलं नाही, कारण ठरवणार कोण हे पक्कं होतं. शेवटी तो सेझ झाला नाही.

माझं सगळं म्हणणं या पेणच्या गोष्टीत आलं. संस्थेचा अध्यक्ष सांगलीचा असो, केरळचा असो, बिहारचा असो, मला काही वाटत नाही. ठरवताना खाडीवर जगलेला माणूस तिथं बसलेला पाहिजे आणि त्याच्या नकाराला वजन पाहिजे. आणि त्या माणसानंही होकार-नकार काय असेल तो खाली सही करून द्यायला पाहिजे. मंडपाच्या मागं उभं राहून चालणार नाही.

आता मागणी काय ते नीट सांगतो, म्हणजे नुसती टीका केली असं कुणी म्हणायला नको.

संस्था नोंदवायला कायद्यानं किमान सात माणसं लागतात. त्या सातांत तीन मूळ गावची आणि कोळीवाड्यातली घ्या, त्यातली एक बाई, मासळी विकणारी किंवा विकलेली. ‘मार्गदर्शक’ हा रकाना पुस्तिकेतून काढून टाका. सभा दर वेळी एसी हॉलमध्ये नको, एक सभा हॉलमध्ये तर एक गावच्या देवळात घ्या. बोलणं आणि कागद मराठीत असू द्या. ज्याला मराठी येत नाही त्याला शेजारी बसून समजावू, आम्हाला हिंदी येतं. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडं दरवर्षी जातोच, तोच कागद देवळात मोठ्यानं वाचा. कुठल्या कंपनीचे पैसे आले आणि त्या कंपनीचं पाणी कुठं जातं, दोन्ही एका ओळीत लिहा. रोपं किती लावली ते लिहू नका. दोन पावसाळे काढून किती जगली ते लिहा. आणि पाच-पाच, दहा-दहा वर्षं एकच अध्यक्ष नको. खाडीसुद्धा दिवसातून दोनदा जागा सोडते.

आपल्या लोकांना माझी एकच मागणी आहे. खुर्ची दिली तर बसा. नाही दिली तर मागा. पण बसल्यावर भावकीच्या डंपरसमोर तोंड बंद करायचं असेल तर बसू नका. तुमचा चुलता असो की व्याही, भराव तो भराव. आणि ‘बाहेरचे’ हा शब्द तोंडातून काढायच्या आधी आपल्या इमारतीचं भाडं कुठून येतं ते आठवा.

हे सगळं लिहायच्या आधी एक काम करणं भाग होतं. मागच्या महिन्यात मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो, एकटा. तिनं दार उघडलं आणि क्षणभर माझ्या मागं बघितलं, अजून कोण आहे ते. मी म्हणालो, “ताई, आज मी एकटाच आहे.” तिनं आत घेतलं, पाणी दिलं. मला माफी मागायची होती, पण आमच्या वयाच्या माणसाला ते शब्द येत नाहीत. मी विचारलं, “तो अर्ज अजून आहे का तुमच्याकडं?” तिनं फाईल आणली. सगळे कागद लावून ठेवलेले, पोचपावत्यांसकट. तिनं नवा अर्ज तयार केला होता, आयुक्तांच्या कांदळवन समितीला द्यायचा. जुना बांध कुठून जात होता आणि उघाडी कुठं होती ते तिला माहीत नव्हतं, तेवढी जागा तिनं कोरी सोडली होती. मी ती हातानं काढून दिली. बांध, उघाडी, खाडीचं तोंड, तिवराची कड. मग खाली सही केली, तिच्या सहीच्या वर, कारण तिनं वरची जागा मला दिली.

भावकीत कळलंय. चुलतभाऊ बोलत नाही, घरच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं नाही. येईल किंवा येणार नाही.

अर्जावर अजून पाच जागा मोकळ्या आहेत. संध्याकाळी सहानंतर मी गावच्या देवळात असतो. कागद माझ्याकडं आहे. हॉलमधल्या मंडळींनीही यावं आणि डंपरवाल्या पोरांनीही यावं. शाल आणू नका.